उघड्या मांडणीची किंमत



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्यांनी जन्मभर किराणा विकला. यंदाचं व्याख्यान दुकानदारीवर असावं एवढंच संयोजकांनी सुचवलं आणि पुढचं माझ्यावर सोपवलं. माझी सगळी नोकरी सहकारी ग्राहक भांडारात गेली. काउंटरवर लागलो, मग गोदाम सांभाळलं, शेवटी व्यवस्थापक झालो. व्यापाऱ्यांच्या बैठकांत जीएसटीवर बोलणं होतं, जागेच्या भाड्यावर होतं, ऑनलाइन विक्रीवर तर होतंच होतं. दुकानातून माल उचलला जातो, यावर मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मालकाला ते कमीपणाचं वाटतं, आणि नोकराने विषय काढला तर संशय त्याच्यावरच येतो. म्हणून मी आज हाच विषय घेतला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माल उघड्यावर मांडायचा निर्णय मालकाचा असतो. त्या मांडणीने वाढलेली विक्री मालकाच्या पदरात पडते. मग त्या मांडणीमुळे येणारी तूटही मालकानेच सोसली पाहिजे. ती नोकराच्या पगारातून कापून घ्यायची नाही आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर हात टाकूनही वसूल करायची नाही. चोरी होऊ नये म्हणून जे करता येतं ते पुष्कळ आहे आणि ते जरूर करावं. पण पकडणं आणि शिक्षा देणं हे दुकानाचं काम नाही.

माझ्या पिढीने पाहिलेल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे असे. गिऱ्हाइकाने यादी वाचायची. नोकर पोत्यातून काढणार, तराजूत तोलणार, कागदाच्या पुडीत बांधून दोरा गुंडाळणार. त्यात चोरायला जागा नव्हती. फार तर पोत्याच्या तोंडाशी उभं असलेलं एखादं पोर मूठभर शेंगदाणे तोंडात टाकी आणि दुकानदार पाहून न पाहिल्यासारखं करी. ही रचना पहिल्यांदा मोडली ती अमेरिकेत. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स याने ‘पिगली विगली’ नावाचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकाने फिरत्या दांडीतून आत यायचं, टोपली घ्यायची, आखून दिलेल्या वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून जायचं, हवं ते स्वतः उचलायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. साँडर्सने या रचनेचं पेटंटही घेतलं. त्यात दोन फायदे होते. माल काढून देणाऱ्या नोकरांचे पगार वाचले, आणि माल डोळ्यांपुढे आल्यामुळे माणूस यादीत नसलेलंही घेऊ लागला.

आपल्याकडे हे हळूहळू आलं. मुंबईच्या गिरणगावातल्या नायगावात १९४८ साली कामगारांनी सुरू केलेल्या ग्राहक संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. पुढे आमच्यासारख्या भांडारांनी एकेक काउंटर हटवत फळ्या मोकळ्या केल्या. २००२ साली पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं, आणि आता तालुक्याच्या गावीही लोक सराईतपणे ट्रॉली ढकलत फिरतात. मला या बदलाविषयी तक्रार नाही. स्वतःच्या हाताने माल निवडता येणं, वेष्टनावरची किंमत आणि तारीख वाचता येणं, नको वाटलं तर कोणाची बोलणी न खाता परत ठेवता येणं, ही मोठी गोष्ट आहे. फळीपलीकडून दुरूनच पुडी टाकली जाण्याचा अपमान ज्यांनी सोसला, त्यांना विचारा तिचं मोल.

पण उघडी मांडणी आली की तिच्याबरोबर तूटही येते. साँडर्सलाही हे ठाऊक होतं, म्हणून त्याने बाहेर पडायची वाट एकच ठेवली होती. आता मालकाची बाजू मी पूर्ण मांडतो, कारण ती खरी आहे. ज्या मालावर शंभराला दहा रुपये सुटतात, त्याचा एक नग उचलला गेला तर खरेदीचे नव्वद रुपये बुडतात. ते भरून काढायला तसेच आणखी नऊ नग विकावे लागतात, आणि त्या नऊ नगांवर हाती काहीच लागत नाही. किराण्यात कित्येक वस्तूंवर शंभराला दहाही सुटत नाहीत. छोट्या दुकानदाराला दिवसाला दोन तुपाच्या बरण्या गेल्या तर त्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याचा राग मला समजतो. त्या रागातून तो पुढे काय करतो, एवढ्यापुरतंच माझं त्याच्याशी भांडण आहे.

चोरी होते कशी, हे जरा जवळून पाहू. ज्यांनी दुकान चालवलेलं नाही त्यांना वाटतं की चोर म्हणजे खिशात माल कोंबून पळणारा. प्रत्यक्षात जातात त्या लहान आणि महाग वस्तू: दाढीची पाती, अत्तराच्या कुप्या, वेलदोडे, केशर, काजू-बदाम, चीज, लहान बाळाच्या दुधाचे डबे. सुट्या मालाच्या वजनकाट्यावर बदाम तोलून त्यावर शेंगदाण्याची चिठ्ठी लावली जाते. कपड्यांच्या दुकानात तीन नग घेऊन माणूस आत जातो आणि दोन घेऊन बाहेर येतो. तिसरा त्याच्या शर्टाखाली असतो. चपलांच्या विभागात तर आम्हाला कोऱ्या चपलांच्या रांगेत जुन्या चपला सापडत. टाचा घासलेल्या, अंगठ्याची खूण काळी पडलेली, पण जोड अगदी नीट जुळवून, पुढची टोकं रांगेला लावून ठेवलेला. कोरा जोड पायात घालून माणूस चालत, दारातल्या रखवालदारासमोरून, बिल दाखवून गेलेला असे. बिल साखरेचं.

तेव्हा पहिलं काम हे की तूट कुठून येते ते शोधा. वर्षाखेरीला साठ्याची मोजणी होते, पुस्तकातला आकडा आणि फळीवरचा आकडा जुळत नाही, आणि मालक म्हणतो, चोरी झाली. त्या फरकात गिऱ्हाइकाची चोरी असते, नोकराची असते, पुरवठादाराने कमी भरलेली खोकी असतात, दोनदा नोंदलेली चलनं असतात, मुदत संपून फेकलेला आणि नोंदवायचा राहिलेला माल असतो. गुळाला घट येते, कांदा सुकतो, उंदीर खातात. गोदामात असताना मी खोकी फोडून मोजायला लागलो तेव्हा कळलं की ‘चोरी’ म्हणून ओरडत होतो त्यातला बराच माल दुकानात कधी आलेलाच नव्हता. जो दुकानदार महिन्याच्या महिन्याला महागड्या वस्तूंची मोजणी करत नाही, त्याला कोणावर संशय घेण्याचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. साड्यांच्या जुन्या पेढीवर जा. गादीवरचा माणूस साड्या उलगडत असतो, आणि त्याच्या मागे घड्या घालायला बसलेला पोरगा मनात आकडा धरून असतो. किती उलगडल्या, किती परत रचल्या, हे त्याला पाठ असतं. सराफाकडे अंगठ्यांचं तबक समोर येतं त्यात खाचा मोजक्याच असतात. एक खाच रिकामी दिसली तर दुसरं तबक येत नाही. गिऱ्हाइकाला यात अपमान वाटत नाही, कारण मोजणी मालाची चाललेली असते, माणसाची नव्हे. उघड्या मांडणीच्या दुकानांनी या पेढ्यांकडून हे शिकावं. कपडे घालून पाहायच्या खोलीपाशी बाई बसवा, जितके नग आत तितक्या आकड्याचा बिल्ला द्या, बाहेर आल्यावर बिल्ला आणि नग दोन्ही मोजून घ्या. महागड्या लहान वस्तू बिलाच्या काउंटरमागच्या फळीवर ठेवा. पिशव्या दाराशी ठेवायचा नियम असेल तर तो सगळ्यांना सारखा असू द्या. लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन एक आत जातो आणि कापडी पिशवीवाल्या मावशीला टोकन घ्यायला लावतात, ही गोष्ट त्या मावशीला आयुष्यभर लक्षात राहते.

चोरी थांबवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुकानात हिंडणारा, हाताशी काम असलेला आणि गिऱ्हाइकाशी बोलणारा नोकर. “काय शोधताय, दादा?” एवढं विचारणं पुष्कळ असतं. ज्याला माल हवा आहे त्याला मदत मिळते आणि ज्याला उचलायचं आहे त्याला कळतं की आपल्याकडे लक्ष आहे. पण नेमकी हीच माणसं मालक आधी कमी करतात आणि त्या पैशातून कॅमेरे बसवतात. कॅमेरा “काय शोधताय” असं विचारत नाही. गेलेला माल कसा गेला ते फक्त नंतर दाखवतो.

आता माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर काम करणारी एक मुलगी माझ्या ओळखीच्या घरातली. बारावी झालेली, आईच्या जिवावर शिकलेली. तिने पगाराची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि त्यातली एक ओळ दाखवून विचारलं, “काका, हे काय असतं?” त्या ओळीत ‘साठा तूट’ लिहिलं होतं आणि समोर कापलेली रक्कम. त्या मजल्यावरच्या सगळ्या नोकरांत महिन्याची तूट सारखी वाटून टाकली होती. तिची जागा बिलाच्या काउंटरवर. तूट आली होती सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर, जी तिला बसल्या जागेवरून दिसतही नव्हती. ती मला म्हणाली, “मी विचारलं तर म्हणाले, सगळ्यांचीच कापली आहे.”

हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं आहे, आणि ते बेकायदाही आहे. वेतनातून काय कापता येतं आणि काय नाही हे १९३६ च्या कायद्यानेच ठरवून दिलं होतं, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा तर तो माल त्या नोकराच्या ताब्यात खास सोपवलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीमुळे झालेलं असलं पाहिजे, त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे, आणि कापलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. मजल्यावरच्या सगळ्यांना सारखी वाटणी करणं यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही. शिवाय त्याने चोरी कमी होते असंही नाही. ज्याचा पगार दुसऱ्याच्या चोरीपोटी कापला जातो, तो एक तर प्रत्येक गिऱ्हाइकावर झपाटल्यासारखा पाळत ठेवतो, नाहीतर मनात म्हणतो, भरतोच आहे तर एखादी वस्तू मीही का नेऊ नये. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. आणखी एक. दहा तास उभं राहिलेल्या माणसाचं लक्ष आठव्या तासाला कुठे असतं? पायांकडे. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या नोकरांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलं. त्यामागे त्या नोकरांचा, विशेषतः साड्यांच्या दुकानांतल्या बायकांचा, मोठा लढा होता.

समजा, नोकराने कोणाला वस्तू लपवताना पाहिलं. मग काय करायचं? आमच्या भांडारात मजल्यावर काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांची पद्धत मी नंतर सगळ्यांना शिकवली. एकदा एका वयस्कर बाईंनी वेलदोड्याची पुडी टोपलीत न टाकता पर्समध्ये टाकली. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “काकू, ती वेलदोड्याची पुडी बिलाला घ्यायची ना? द्या इकडे, मी काउंटरवर ठेवते, तुमचं बाकीचं होऊ दे.” काकूंनी पर्स उघडली, पुडी दिली. आवाज नाही, गर्दी नाही, दारातला रखवालदार नाही. काकू विसरल्या होत्या की चोरत होत्या, हे आम्हाला कधीच कळलं नाही. ते कळायची गरजही नव्हती. दुकानाला पुडी हवी होती किंवा तिचे पैसे हवे होते, ते मिळाले. वयाबरोबर येणाऱ्या काही आजारांत माणसाचं भान हरपतं, हातातल्या वस्तूचे पैसे दिलेले नाहीत याची जाणीवच राहत नाही, हे डॉक्टर सांगतात. काउंटरवरच्या मुलीने त्याचं निदान करायचं नाही. तिने फक्त समोरच्याला परत फिरायला वाट ठेवायची.

आणि ही वाट बिलाच्या काउंटरपर्यंतच आहे. त्यापुढे गेलेल्या माणसाला थांबवायचं असेल तर तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या हव्यात: त्याने वस्तू उचलली, लपवली, आणि मधल्या वेळात तो एकदाही नजरेआड झाला नाही. यातली एक गोष्ट जरी कमी पडली, तर त्याला जाऊ द्यावं. त्याने ती वस्तू दुसऱ्या फळीवर ठेवून दिलेली असू शकते. माझ्या मते एक वस्तू जाणं परवडतं, एका निरपराध माणसाला चारचौघांत चोर म्हणणं परवडत नाही.

कायदा काय म्हणतो, हे दुकानदारांना बहुधा ठाऊक नसतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये एक नवी गोष्ट आली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा होते ती समाजसेवेची. हा गुन्हा अदखलपात्र धरला आहे. त्याच संहितेत कलम ३०५ आहे. माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा त्यात आहे. शाम्पूची बाटली कोणत्या कलमात बसते हे ठरवायचं काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. रखवालदाराचं नाही. खासगी माणसाला दुसऱ्याला पकडून ठेवता येतं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली: गुन्हा त्याच्यासमोर घडलेला हवा, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, आणि पकडलेल्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायला हवं. किरकोळ चोरीसाठी कोणाला मागच्या खोलीत कोंडणारा दुकानदार स्वतःच आरोपी होऊ शकतो. झडती घ्यायचा अधिकार तर खासगी रखवालदाराला नाहीच. त्याचा गणवेश पाहून गिऱ्हाइकाला वाटतं की हा पोलिसासारखा कोणी आहे; खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याने त्याला पोलिसांचे अधिकार दिलेले नाहीत. बाईच्या पदराला हात लावणं, कपडे उतरवायला लावणं, हे तर चोरीपेक्षा कितीतरी गंभीर गुन्हे आहेत.

भिंतीवर पाटी असते: ‘चोरी करताना सापडल्यास दहापट दंड आकारला जाईल.’ दंड आकारायचा अधिकार न्यायालयाला आहे. पोलिसांत देऊ, बदनामी करू, अशी भीती घालून पैसे उकळणं याला कायद्यात खंडणी म्हणतात. तसंच फोटोंचं. पकडलेल्या माणसाचा फोटो काढून काउंटरमागे चिकटवायचा, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायचा. तक्रार करायची असेल तर कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवा, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याचं प्रमाणपत्र करा आणि पोलिसांना द्या. गटात फिरवलेलं चित्रण पुरावा होत नाही. त्याने फक्त माणूस उद्ध्वस्त होतो. आणि तो माणूस शाळकरी पोर असेल तर? पैज लावून चॉकलेट उचलणारी आठवी-नववीतली पोरं दर दुकानात असतात. बाल न्याय कायद्याने अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे. त्याच्या आईबापांना बोलवा, चॉकलेटचे पैसे घ्या, मुलाला त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्या.

कडक शिक्षेने चोरी थांबते असं ज्यांना वाटतं त्यांना मी लंडनची हकिकत सांगतो. १६९९ साली इंग्लंडने दुकानातून पाच शिलिंगांचा किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली. परिणाम असा झाला की समोर उभ्या असलेल्या मुलीला फाशी द्यायला ज्युरींचं मन धजेना, आणि ते चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम चार शिलिंग दहा पेन्स ठरवू लागले. दुकानदारही फिर्याद द्यायला कचरू लागले. सॅम्युअल रॉमिली यांनी ही शिक्षा रद्द करायचं विधेयक आणलं, ते १८१० साली उमरावांच्या सभागृहाने फेटाळलं. कापड धुवायच्या मैदानांवरून होणाऱ्या चोरीला तेव्हा फाशीच होती. पुढच्याच वर्षी त्या मैदानांच्या मालकांनी स्वतः अर्ज केला की आमच्या मालासाठीची ही फाशी काढा, तिच्यामुळे कोणाला शिक्षाच होत नाही. दुकानांतल्या चोरीची फाशी जायला मात्र १८२० चं दशक उजाडावं लागलं.

आता संशय कोणावर घेतला जातो ते पाहा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये मोठमोठी दुकानं निघाली तेव्हा तिथे रेशीम आणि लेस चोरताना सुखवस्तू घरातल्या बायका सापडू लागल्या. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी एक मानसिक विकार सांगितला. गरीब बाईने तेच केलं तर तिला तुरुंग. आपल्याकडे तर याच्याही पुढे मजल गेली. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्या जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच चोर ठरवलं. सोलापूरला तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी केली, हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; आपल्या मुंबई राज्यात १९५९ साली. अशाच एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण त्याचं कौतुक केलं, अभ्यासक्रमांत लावलं. आणि आजही पारध्याची बाई दुकानात आली की नोकर तिच्या मागे मागे फिरतो. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तकांतला जातिभेद रद्द केला, आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणारी कलमंही रद्द केली. दुकानांच्या दारातली ही वृत्ती मालकालाच काढून टाकावी लागेल. नोकराला स्पष्ट सांगावं लागेल: वागण्याकडे पाहा, कपडे, बुरखा, भाषा पाहू नका.

ती वृत्ती शेवटी कुठे पोहोचते, हे केरळात दिसलं. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी अट्टप्पाडीच्या जंगलात राहणाऱ्या एका आदिवासी तरुणाला लोकांनी पकडलं. संशय असा की त्याने दुकानांतून तांदूळ आणि किरकोळ वाणसामान चोरलं. त्याचे हात बांधले, मारलं, त्याच्यासोबत सेल्फी काढल्या. पोलिसांनी ताब्यात घेतल्यावर रुग्णालयात नेताना वाटेतच तो मेला. २०२३ साली मन्नारक्काडच्या विशेष न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरवलं. त्यांतल्या तेरा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्यांना आयुष्यात कधी तुरुंगात जावं लागेल असं वाटलं नसेल. थोड्या तांदळासाठी.

काही लोक म्हणतील, आणि ज्या टोळ्या येतात त्यांचं काय? एक बाई बोलण्यात गुंतवते, दुसरी पदराआड साड्यांचा गठ्ठा घेते, तिसरी दारात उभी असते. अशा टोळ्या आहेत, आणि त्यांना “काकू, बिलाला घ्यायची ना?” पुरत नाही. तिथे तक्रार करा, चित्रण द्या, गाडीचा नंबर द्या. पण तिथेही नोकराने मागे धावायचं नाही, गाडीला लटकायचं नाही, सुरा दिसला तर वाट सोडायची. हे मालकाने कामावर घेतानाच लेखी द्यावं, म्हणजे उद्या कोणाला ‘तू का अडवलं नाहीस’ असं विचारायची सोय राहणार नाही.

आज इथे व्यापारी संघाची बरीच मंडळी दिसताहेत, म्हणून थेट तुम्हालाच सांगतो. तुमच्या दुकानात तुटीपोटी पगार कापायची पद्धत असेल, तर ती या महिन्याच्या पगारापासून बंद करा आणि आजवर कापलेलं परत द्या. काउंटरमागे कोणाचा फोटो चिकटवलेला असेल तर तो काढा. दहापट दंडाची पाटी उतरवा. आणि आपण सगळेच कोणत्या ना कोणत्या दुकानाचे गिऱ्हाईक आहोत, म्हणून उरलेल्यांनाही एक विनंती. दारात बिल मागणाऱ्या रखवालदारावर ओरडू नका. तो त्याला सांगितलेलं काम करतो आहे. तो दिवसभर उभा असतो. त्याच्यासाठी आणि त्या काउंटरवरच्या मुलीसाठी एक खुर्ची मालकाकडे मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.